गरोदरपणातील वजन: किती, केव्हा आणि कशाचे

गरोदर स्त्रीचे वजन वाढते ते केवळ बाळामुळे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्या वाढीत बाळाचा वाटा चौथाईच्या आसपासच भरतो. ब्रिटनमध्ये मांडला गेलेला आणि पाठ्यपुस्तकांत अजूनही वापरात असलेला एक हिशेब असा: नऊ महिन्यांत एकूण साडेबारा किलो वजन वाढले, तर त्यात बाळाचे सुमारे ३.४ किलो. वारेचे वजन साधारण ६५० ग्रॅम, गर्भजलाचे ८०० ग्रॅम. गर्भाशय स्वतःच जवळजवळ किलोभराने जड होते, स्तन ४०० ग्रॅमने. अंगातले रक्त सुमारे दीड किलोने वाढते आणि पेशींच्या बाहेर साठणारे पाणीही जवळपास तेवढेच. उरते ती चरबी, सव्वातीन किलोंच्या थोडी वर.

ही चरबी फुकाची नसते. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत शरीर ती पोट, पाठ आणि मांड्यांवर साठवून ठेवते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची वाढ झपाट्याने होते तेव्हा, आणि त्यानंतर अंगावर पाजताना, ती खर्ची पडते. म्हणून पाचव्या महिन्यात वाढलेला किलो आणि नवव्या महिन्यात वाढलेला किलो काट्यावर सारखे दिसले तरी ते एक नव्हेत. पहिल्यात आईची बेगमी अधिक असते, दुसऱ्यात बाळ अधिक असते.

पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसे हलत नाही. अर्धा ते दोन किलो वाढ पुरेशी मानतात. उलट्या आणि मळमळीने किलो-दीड किलो कमी झाले तरी बहुतेक वेळा घाबरण्याचे कारण नसते. बाळ त्या वेळी काही सेंटिमीटरचे असते आणि त्याची गरज आईच्या अंगातून सहज भागते. मात्र पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, किंवा मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घट झाली असेल, तर त्याला कडक डोहाळे म्हणून सोडून देता येत नाही. सलाइनची गरज पडू शकते. चौथ्या महिन्यापासून चित्र पालटते. अन्नावरची वासना परतते आणि वजन दर आठवड्याला वाढू लागते. आपल्या सरकारी मार्गदर्शिकेनुसार या काळात महिन्याला साधारण दोन किलो वाढ अपेक्षित असते.

कोठून सुरुवात, त्यावर किती वाढ

‘किती किलो वाढायला हवे?’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. उत्तर ठरते ते दिवस जाण्यापूर्वी स्त्रीचे वजन उंचीच्या मानाने किती होते यावर. त्यासाठी किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २००९ साली या आकड्यावर आधारलेल्या शिफारशी केल्या आणि जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ त्यांचा आधार घेतात. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते १८ किलो, १८.५ ते २४.९ दरम्यान असेल तर साडेअकरा ते १६, २५ ते २९.९ असेल तर सात ते साडेअकरा, आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर पाच ते नऊ किलो. जुळी असतील तर आकडे वर सरकतात; नेहमीच्या वजनाच्या स्त्रीला १७ ते २५ किलो.

हा तक्ता पुण्यात जसाच्या तसा लावताना थोडे थांबावे लागते. १५२ सेंटिमीटरच्या आसपास उंची आणि बेचाळीस किलो वजन असलेली मुलगी शिरूर-खेडकडे अपवाद नाही. तिचा बीएमआय १८ च्या आसपास येतो. तक्त्याप्रमाणे तिने कमाल १८ किलो वाढवायचे, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. हे सहसा घडत नाही आणि न घडल्याचा दोष त्या मुलीला देण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या टोकालाही अडचण आहे. भारतीयांच्या अंगात त्याच बीएमआयला युरोपीय लोकांपेक्षा चरबी जास्त असते, म्हणून २००९ मध्येच भारतीय तज्ज्ञांनी एकमताने सुचवले की आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानावा. १५८ सेंटिमीटर उंचीची आणि ६० किलो वजनाची हिंजवडीत नोकरी करणारी स्त्री अमेरिकी तक्त्यात अगदी नेमस्त ठरते. भारतीय मापाने ती उंबरठा ओलांडून आत आलेली असते.

केंद्रीय आरोग्य खात्याच्या परिचारिकांसाठीच्या मार्गदर्शिकेने सरळ ९ ते ११ किलो असा आकडा दिला आहे. आहार अपुरा असेल तर वाढ पाच-सहा किलोंवरच अडकते, असेही तीत म्हटले आहे. खेड्यातल्या आरोग्यसेविकेला वापरायला सोपा म्हणून हा आकडा चांगला; मात्र तो सरासरीचा आहे. बारीक स्त्रीने ११ किलोंवर थांबायचे असा त्याचा अर्थ नाही आणि ८० किलोंच्या स्त्रीने ९ किलो गाठलेच पाहिजेत असाही नाही.

भारतातल्या परिस्थितीचा अंदाज अर्थशास्त्रज्ञ डायन कॉफी यांच्या २०१५ सालच्या अभ्यासातून येतो. त्यांच्या मांडणीनुसार भारतात दिवस जात तेव्हा ४२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असत. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हेच प्रमाण साडेसोळा टक्के होते. त्यात भर म्हणजे भारतीय स्त्रीचे वजन गरोदरपणात सरासरी सातच किलोंनी वाढत होते. आफ्रिकेतले ते देश भारतापेक्षा गरीब आहेत, हे लक्षात घेतले तर दोष केवळ गरिबीला देता येत नाही. भारतीय कुटुंबात तरुण सुनेचे स्थान सर्वांत खालचे असते, आणि बाळंतपणाचे वय नेमके तेच असते. सर्वांची पाने वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी राहील ते खाण्याची रीत शहरात बरीच मोडली आहे. पण सगळीकडे नव्हे.

त्याच वेळी चित्र दुसऱ्या बाजूनेही बदलते आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचात एका स्त्रीचे वजन कमी निघाले आणि त्याहून किंचित अधिक स्त्रियांचे जास्त. पुण्यासारख्या शहरात ही दोन्ही टोके एकाच प्रसूतिगृहाच्या बाकड्यावर शेजारी बसलेली असतात. दोघींना एकच सल्ला देणे म्हणजे दोघींनाही न देणे.

सहा गावे आणि ७९७ आया

गर्भवतीचे खाणे आणि बाळाचे वजन यांचा संबंध शोधणाऱ्या जगातल्या नावाजलेल्या अभ्यासांपैकी एक पुणे जिल्ह्यात झाला. रास्ता पेठेतले के. ई. एम. रुग्णालय १९१२ पासूनचे. डॉ. बानू कोयाजी यांच्या काळात या रुग्णालयाने शहराबाहेर वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि त्यातून खेड्यापाड्यांशी संबंध जुळले. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते: पुण्यात मधुमेही येतात ते तुलनेने तरुण आणि फारसे लठ्ठ नसलेले, असे का? त्याच सुमारास इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर म्हणत होते की प्रौढपणीच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची बीजे गर्भातल्या अपुऱ्या पोषणात असतात. दोन्ही बाजू एकत्र आल्या, साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल सहभागी झाल्या, आणि १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. आहाराच्या नोंदींचा भाग आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी सांभाळला.

या अभ्यासाची कामाची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. दिवस गेल्यावर स्त्री दवाखान्यात येते तेव्हा तिचे आधीचे वजन कोणालाच माहीत नसते, आणि मग ‘किती वाढले’ या प्रश्नाला पाया राहत नाही. म्हणून क्षेत्रसेविका विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जात, पाळीची तारीख लिहून घेत. वजन-उंचीची मापे गर्भधारणेच्या आधीपासून होत राहत. पाळी चुकली की सोनोग्राफीने दिवस पक्के केले जात. मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात तिने काय खाल्ले, किती भाकरी, किती वाट्या आमटी, शेतात किती वेळ काम, पाण्याच्या किती खेपा, हे सारे तपशिलात नोंदले जाई. बाळ जन्मले की त्याचे वजन, लांबी, डोक्याचा, पोटाचा, दंडाचा घेर आणि कातडीखालच्या चरबीची जाडी मोजली जाई.

निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. ७९७ गर्भवतींची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि गर्भधारणेआधीचे सरासरी वजन ४१.७ किलो होते. अठराव्या आठवड्यात त्या दिवसाला साधारण पावणेअठराशे किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने खात होत्या. अठ्ठाविसाव्या आठवड्यात, म्हणजे गरज वाढलेली असताना, त्याहूनही थोडे कमी. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले.

इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच होते. चकित करणारी गोष्ट पुढे होती. आईने एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी संबंधच लागला नाही. संबंध लागला तो अठराव्या आठवड्यात घेतलेल्या दुधाशी, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात खाल्लेल्या हिरव्या पालेभाज्या व फळांशी. जिच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व अधिक, तिचे बाळ मोठे. भाकरीने पोट भरत होते, पण बाळाची वाढ अडत होती ती लोह, जीवनसत्त्वे, खनिजे यांच्या सूक्ष्म वाट्याशी. केवळ पोट भरले म्हणून पोषण झाले असे होत नाही, हे यातून आकड्यांनिशी समोर आले.

याच सहा गावांतल्या नोंदींवरून २००३ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली गेली. ज्या स्त्रियांना गरोदरपणात शेतातली आणि पाणी आणण्यासारखी जड कामे अधिक पडत, त्यांची बाळे लहान जन्मत. खाणे तेवढेच असले तरी श्रमांचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. घागर उचलणारी स्त्री आणि दिवसभर खुर्चीत बसणारी स्त्री यांना सारखाच आहार पुरत नाही, आणि ‘कामे करत राहिले की बाळंतपण सोपे होते’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य कामाचे स्वरूप पाहिल्याखेरीज कोणाच्या तोंडी शोभत नाही.

पुण्याच्या या बाळांची साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोंचे होते, इथले दोन किलो सातशेच्या आसपास. पण सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. पुण्याच्या बाळाचे पोट आणि दंड फारच बारीक, म्हणजे पोटातले अवयव आणि स्नायू कमी. खांद्याच्या फऱ्यामागची चरबी मात्र बरीच राखलेली. काट्यावर किडके आणि आतून चरबीचे असे हे बाळ शास्त्रीय साहित्यात ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ या नावाने ओळखले जाते. डॉ. याज्ञिक यांच्या कोड्याचे उत्तर इथून सापडू लागले.

म्हणून नुसते जन्मवजन वाढवणे हे उद्दिष्ट अपुरे ठरते. आईने भरपूर खाल्ले आणि बाळ पाऊणशे ग्रॅमने जड झाले, पण ती वाढ चरबीची असेल तर फार कमावले असे म्हणता येत नाही. २००८ मध्ये याच अभ्यासातून आणखी एक धागा हाती आला. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. ज्या आयांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला अधिक दाद न देणारी निघाली. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. शाकाहारी घरात ताकाचा पेला चैनीचा नसून गरजेचा आहे, एवढा तरी अर्थ यातून घ्यायला हरकत नाही.

मुंबईचा खाऊ आणि नागपूरच्या आया

पुण्यात दिसलेला संबंध खरा आहे का, हे पाहायचे तर पालेभाजी-दूध-फळ प्रत्यक्ष खायला देऊन पाहणे भाग होते. ते मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून काही वर्षे झाले. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दुधाची पूड घातलेला समोशासारखा खाऊ रोज मिळे, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. खाऊ दिवस जाण्याच्या आधीपासून सुरू व्हायचा. सरसकट पाहता बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्यापूर्वी किमान तीन महिने तो खाल्ला होता त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड झाली, आणि हा लाभ मुळात बऱ्या वजनाच्या स्त्रियांनाच झाला. अगदी कृश स्त्रियांना नाही. गर्भारपणातल्या मधुमेहाचे प्रमाणही पालेभाजीच्या खाऊने कमी आढळले. ४८ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, तसे ते आहेतही. त्यापेक्षा महत्त्वाची आहे ती तीन महिन्यांची अट.

मग भारतीय स्त्रीची बाळे लहान ती वंशानेच, असे मानावे का? याचे उत्तर नागपूरने दिले. जगातल्या आठ ठिकाणी झालेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पात नागपूर हे भारतातले एकमेव केंद्र होते. सुस्थितीतल्या, निरोगी, नेमस्त वजनाच्या आया निवडल्या की ऑक्सफर्ड, सिअ‍ॅटल, नैरोबी आणि नागपूर इथल्या गर्भांची वाढ जवळपास एकाच चालीने होते, असे दिसले. या आठ केंद्रांमधल्या आयांचे वजन चाळीस आठवड्यांत सरासरी १३.७ किलोंनी वाढले होते. लहान बाळे हा विदर्भाचा किंवा मावळाचा नैसर्गिक गुणधर्म नव्हे.

जास्त वाढले तर

कमी वाढीचे परिणाम ठाऊक असतात: बाळ कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे. जास्त वाढीकडे मात्र घरची माणसे कौतुकाने पाहतात. दोन जिवांची म्हणून दोघांचे जेवण वाढले जाते. जादा वाढीने गर्भारपणातला मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा धोका वाढतो, बाळ फार मोठे झाल्याने प्रसूती अडते, सिझेरियनची शक्यता वाढते. बाळंतपणानंतर उरलेले पाच-सात किलो पुढच्या खेपेला पायाभूत वजन होऊन बसतात आणि तक्त्यातली रांग बदलते.

मधुमेहासाठी भारतात सोपी तपासणी रूढ आहे. उपाशी असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे; साखर १४० किंवा जास्त आली की गर्भारपणातला मधुमेह धरायचा. पहिल्याच भेटीत ही तपासणी करावी आणि ती ठीक आली तर चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा. पुण्यातल्या बारीक दिसणाऱ्या स्त्रियांतही हा मधुमेह निघतो, त्यामुळे ‘मी तर काडीच आहे’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

याची उलटी चूकही शहरात वाढते आहे. अंगावर चढेल या धास्तीने, किंवा बाळ मोठे होऊन सिझर होईल या भीतीने, काहीजणी पोट मारतात. गरोदरपण ही वजन उतरवण्याची वेळ नव्हे. लठ्ठ स्त्रीनेही वाढ आवरती ठेवायची असते, घट करायची नसते. भात सोडून नुसत्या फळांवर राहणे, रात्रीचे जेवण गाळणे, समाजमाध्यमांवर पाहिलेले डाएट लावणे यांतून बाळाचे नुकसानच होते.

ताटात काय

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चौथ्या महिन्यापासून रोजच्या खाण्यात ३५० किलोकॅलरींची भर हवी. म्हणजे दुप्पट जेवण नाहीच. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध, एवढ्यात काम भागते. प्रथिनांची भर मधल्या तीन महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम. ही शेवटची मोठी उडी वरण-भाताच्या घरात सहज साधत नाही. मटकी, चवळी, हरभरा, शेंगदाणे, दही, अंडे यांतले काहीतरी दोन्ही जेवणांत असावे लागते. मंडईत थंडीत मेथी, चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला मुबलक मिळतो. उन्हाळ्यात पालक, राजगिरा, अंबाडी. त्यावर लिंबू पिळले की लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र न घेता वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. महाराष्ट्रातल्या निम्म्याच्या जवळपास गर्भवती रक्तक्षयी आढळतात, हे ध्यानात घेतले तर गोळ्या चुकवणे परवडणारे नाही.

उपवासांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे महिन्याचे सहा-सात दिवस साबुदाण्यावर निघाले, तर पिष्टाखेरीज फारसे काही पोटात जात नाही. खिचडीत दाण्याचे कूट असते म्हणून थोडे निभते इतकेच. उपवास सोडवत नसेल तर दूध, दही, राजगिरा, खजूर, फळे यांनी तो भरावा. निर्जळी मात्र नको. डोहाळजेवणाच्या पंचपक्वान्नांनी काही बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतर तीन महिने शेजारपाजारहून रोज येणाऱ्या डब्यांनी. डिंकाचे लाडू हा खरा बाळंतिणीचा खुराक. सातव्या महिन्यातच ते सुरू केले तर दोन मोठ्या लाडवांत दिवसभराची सगळी भर संपते, आणि पालेभाजीची जागा तशीच रिकामी राहते.

आदिवासी भागातल्या गर्भवतींसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. अंगणवाडीत एक वेळचे चौरस गरम जेवण दिले जाते. तिचे मोठेपण जेवणापेक्षा बसून खाण्यात आहे. घरी नेलेला शिधा सगळ्या कुटुंबात वाटला जातो. अंगणवाडीत बसून खाल्लेले ताट मात्र त्या स्त्रीच्याच पोटात जाते.

चालण्याला बंदी नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटे बेताचा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सुचवते. त्यात पर्वती चढलीच पाहिजे असे नाही. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटे चालले तरी पुरते.

काटा कसा वाचावा

एकच काटा, शक्यतो सकाळची वेळ, चपला काढून, हलक्या कपड्यांत. काटा सपाट फरशीवर. घरचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांत किलोभराचा फरक असू शकतो, म्हणून दोन्हींचे आकडे एका ओळीत लिहू नयेत. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक भेटीचे वजन नोंदलेले असते. पाहायचा असतो तो दोन नोंदींमधला फरक. चौथ्या महिन्यानंतर दोन भेटींत वजन हललेच नाही तर बाळाची वाढ तपासून घ्यावी लागते.

अचानक उसळी ही अधिक तातडीची बाब आहे. महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढ झाली की रक्तदाब, मधुमेह आणि जुळी यांची शंका घ्यावी, असे सरकारी मार्गदर्शिका सांगते. त्याबरोबर चेहरा किंवा हात सुजणे, बांगड्या-अंगठी रुतणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे यांपैकी काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने तपासावीत. संध्याकाळी पायांवर येणारी थोडी सूज बहुतेकींना येते आणि ती या यादीत बसत नाही.

प्रसूती होताच बाळ, वार आणि पाणी मिळून पाच किलोंच्या आसपास वजन उतरते. साठलेले पाणी पुढच्या काही दिवसांत जाते. उरलेली चरबी हळूहळू जाते, पण आपल्याकडे तिला जायला वाव कमी. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी असते. तूप, अळिवाची खीर, लाडू, शेक आणि पूर्ण विश्रांती असा सव्वा महिना चालतो. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी जास्त लागतातच, त्यामुळे खुराक चुकीचा नाही. ४२ किलोंच्या बाळंतिणीला तो हवाच. ७५ किलोंच्या बाळंतिणीला तुपाचा चमचा आवरून ताकाची वाटी वाढवलेली बरी. नव्या आईने लगेच डाएट मात्र सुरू करू नये. दूध नीट उतरले, टाके भरले, की चालण्यापासून सुरुवात करावी.

पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते: पाळी चुकल्यावर सुरू केलेली काळजी थोडी उशिराची असते. याच विचाराने त्या सहा गावांत २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळे आता वयात आली होती. त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषके, आणि काहींना बिनऔषधी गोळी देण्यात आली, तीही लग्नाच्या व गर्भधारणेच्या कितीतरी आधीपासून. घरोघरी मात्र अशा चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही. मूल हवे असे ठरले की नवरा-बायकोने एकदा डॉक्टरांकडे जावे. तिचे वजन, उंची, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि शक्य असल्यास बी-१२ पाहून घ्यावे. फोलिक अ‍ॅसिडची गोळी तेव्हाच सुरू करावी. वजन कमी असेल तर चार-सहा महिने खाण्यापिण्याकडे लक्ष देऊन ते वाढवावे, जास्त असेल तर तेवढ्याच अवधीत थोडे उतरवावे. आणि दिवस गेल्यावर पहिल्या बारा आठवड्यांच्या आत महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा गावच्या उपकेंद्रात नाव नोंदवून त्या दिवसाचे वजन कार्डावर लिहून घ्यावे. ही नोंदणी मोफत आहे.